परत मागवलेले दिवे

आमच्या शहागंजच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच वाक्य घेऊन येतं, "एक दमदार बॅटरी द्या." मी विचारते, "कशासाठी?" की लगेच माणसाच्या कपाळावर आठी. बॅटरी घ्यायला आलोय, चौकशीला नाही, असा चेहरा. आपल्याकडं हातातल्या टॉर्चलाही बॅटरी म्हणतात आणि तिच्या पोटातल्या सेललाही. त्यामुळं निम्मा वेळ नुसतं काय पाहिजे ते कळण्यातच जातो. उरलेला वेळ मी त्याला सांगण्यात घालवते, की दमदार हा काही बॅटरीचा गुण नाही. वाळूजच्या ज्या कंपनीत मी नोकरी केली, तिथं माझं काम सेल तपासायचं होतं. भरायचा, रिकामा करायचा, तापवायचा, दाबायचा, त्यात खिळा ठोकायचा आणि काय होतं ते काचेमागून बघायचं. त्या काचेमागं उभा राहिलेला माणूस दमदार हा शब्द जपून वापरतो.

निवृत्त झाले आणि दादाच्या दुकानात बसायला लागले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, दत्तात्रय. रेडिओ, टेपरेकॉर्डर, मग इमर्जन्सी लाईट, मग इन्व्हर्टर अशा एकेका जमान्याची दुरुस्ती करत त्यानं ते दुकान टिकवलं होतं. डागणी म्हणजे सोल्डरिंग मला त्यानंच शिकवलं, मी परकर-पोलक्यात होते तेव्हा. वहिनी गेल्यापासून तो पुंडलिकनगरात आमच्याच घरी वरच्या खोलीत राहतो. सकाळी आम्ही दोघं एकाच स्कूटीवरून दुकानात जायचो. गल्लीतले लोक हसायचे, आम्हाला बरं वाटायचं.

जांभळ्या दिव्यांचं काम मी आल्यावर सुरू झालं. अतिनील एलईडी, लोकांच्या भाषेत 'यूव्ही लाईट'. दिसायला मिणमिणता जांभळा, पण त्याच्या प्रकाशात काही वस्तू स्वतःच उजळतात. एसीवाले मेकॅनिक गळती शोधायला नेतात, पार्लरवाल्या बायका नखांवरचा रंग वाळवायला. एका पार्लरवालीनं तो मोबाईलच्या पॉवर बँकेवर जोडला होता आणि तक्रार घेऊन आली, की दिवा आपोआप बंद पडतो. बरोबरच आहे. दिवा इतकी थोडी वीज खात होता, की पॉवर बँकेला वाटायचं मोबाईल भरला, आता झोपावं. एक मंडपवाला आला होता. त्याला नवरीचा शालू चमकवायचा होता म्हणून स्टेजवर पाहुण्यांच्या तोंडासमोर दिव्यांची रांग लावायची होती. मी नाही म्हणाले. हा दिवा डोळ्यांना मंद दिसतो म्हणून माणूस टक लावून बघतो आणि न दिसणारा भाग तेवढ्यात डोळ्याला इजा करतो. तो म्हणाला, "ताई, तुम्ही धंदा करता का प्रवचन?" आणि निघून गेला.

या दिव्याला बॅटरी निवडताना तीन गोष्टी बघाव्या लागतात. एक, त्याला साध्या पांढऱ्या एलईडीपेक्षा थोडा जास्त व्होल्ट लागतो, म्हणून एकटा सेल अर्ध्या वाटेत मंदावतो. दोन, एलईडी तापला की जास्त करंट ओढायला लागतो, आणि जास्त ओढला की आणखी तापतो. म्हणून मध्ये करंट बांधून ठेवणारी एक छोटी पाटी, ड्रायव्हर, लागतेच. तिसरी गोष्ट कुणी विचारत नाही: हा डबा कुणाच्या आसपास राहणार? लॅपटॉपमध्ये असतात ते लिथियम आयन सेल हलके आणि ताकदीचे, पण बिथरले तर आग ओकतात. लोह-फॉस्फेटवाले लिथियम सेल जाड, जड, जरा कमी ताकदीचे. पण उन्हात, धक्क्यात, चुकीच्या हातात बरंच सहन करतात. आमच्या दिव्यांसाठी मी फॉस्फेटचे चार जाड सेल ठरवले होते आणि त्यांना जुळणारा चार्जर. हे जुळणं फार महत्त्वाचं. फॉस्फेटच्या चार सेलचा चार्जर लिथियम आयनच्या तीन सेलच्या गठ्ठ्याला लावला, तर तो त्यांच्या पोटात मावत नाही इतकी वीज कोंबतो.

काम आम्ही वाटून घेतलं होतं. सेल मी निवडायची, वजन करून, आतला अवरोध मोजून दादाच्या टेबलावर ठेवायची. पट्ट्या वेल्ड करून ते एकमेकांना जोडायचे, डब्यात बसवायचे आणि झाकण आवळायचं, हे दादाचं. बंद डबा माझ्याकडं आला, की मी दिवा लावून बघायची, चार्जर आणि पिवळा चष्मा सोबत द्यायची. डबा पुन्हा उघडायची नाही. कंपनीत मी कुणाच्याही सहीवर विश्वास ठेवला नाही. पण दादानं आवळलेला स्क्रू उघडून बघायचा, हे माझ्या मनातही आलं नाही.

या दिव्याची माझी सगळ्यात आवडती गिऱ्हाईकं दोन. पहिले मोईनभाई. अजिंठ्याच्या रस्त्यावर पर्यटकांना रंगीत दगड विकतात. विहिरी खोदताना आपल्या काळ्या खडकाच्या पोटातून जे स्फटिक निघतात, ते. त्यातले काही दगड जांभळ्या दिव्याखाली केशरी-गुलाबी उजळतात. आमचा दिवा घेऊन गेल्यावर ते पहिल्यांदा आले ते बरणीभर खुरमा घेऊन. "बाजी, दगड कू जबान आ गई," म्हणाले. मला ते बाजी म्हणतात, म्हणजे ताई.

दुसऱ्या शिंदेबाई. बिडकीनच्या पुढं एका वस्तीवरच्या शाळेत शिकवतात. शाळेची भिंत जुन्या दगडांची, सांधे उकललेले, आणि मुलं जमिनीवर बसणारी. एका मुलीला विंचू चावला. दवाखान्यात नेली, वाचली, पण बाईंची झोप उडाली. जांभळ्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, हे त्यांनी मोबाईलवर कुठंतरी पाहिलं आणि त्या थेट आमच्याकडं आल्या.

"खोटं तर नाही ना?" त्यांनी विचारलं.

"खरं आहे. अंधारात विंचू दुरूनही दिसतो."

"मग मला लवकर द्या. रोज सकाळी मुलं यायच्या आत खिडक्या लावून खोली बघून घेईन."

मी त्यांना समजावलं, की मुलांच्या डोळ्यांवर दिवा धरायचा नाही, चष्म्याशिवाय लावायचा नाही, मुलांचा हात लागेल असा ठेवायचा नाही. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. शाळेत पोरं आहेत म्हणून मी मुद्दाम दादाला म्हणाले, "यात फॉस्फेटचेच घाल हं, दुसरं काही नको."

"व्हय व्हय," दादा म्हणाला.

नंतर बाईंचा फोन आला, की कपाटामागं दोन आणि खिचडीच्या चुलीजवळ एक सापडला. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता, की मी तो फोन दादाच्या कानाला लावला. त्यानं ऐकला आणि लगेच परत दिला.

मग एक दिवस मोईनभाई दुकानात आले, डाव्या हाताला पट्टी आणि उजव्या हातात रेती भरलेला स्टीलचा डबा. रेतीत आमचा दिवा होता, म्हणजे त्याचं जे उरलं होतं ते. चार्जिंगला लावून ते नमाजाला गेले होते. परत आले तर दालनात धूर. त्यांच्या बायकोनं ओल्या गोणपाटात धरून तो अंगणात टाकला होता, विझवताना यांचा हात भाजला.

आणि हा माणूस माझ्यासमोर ओशाळून उभा होता. "बाजी, गलती मेरीच है. चार्जिंग पे छोड के जाना नहीं था. तुम बोले थे, मैं भूल गया. माफ करना."

मला आधी वाटलं, खरंच त्यांच्या हातून काही झालं असेल. दादा समोरच बसला होता. मी रेती झटकली, वितळलेलं झाकण पक्कडीनं उपटलं आणि आत बघितलं. माझे चार जाड निळे सेल आत नव्हते. बारीक सेलच्या तीन जोड्या होत्या. वरचं नवं आवरण जळलं होतं, आणि त्याच्याखाली दुसरं, जुनं, फिकट गुलाबी आवरण होतं. भंगारातल्या लॅपटॉपमधून काढलेले सेल, नवा कपडा चढवून विकायला ठेवलेले. आणि त्यांना चार्जर मी स्वतः दिलेला, फॉस्फेटचा.

मी दादाकडं पाहिलं. त्यानं नजर टेबलावर ठेवली.

"मोईनभाई," मी म्हणाले, "तुमची काही चूक नाही. चूक आमची आहे." एवढं बोलताना माझे कान तापले. आणि तेवढ्यात शाळा आठवली.

शिंदेबाईंना फोन लावला. त्या पैठणला प्रशिक्षणाला गेल्या होत्या.

"बाई, दिवा कुठं आहे?"

"शाळेत. सकाळी चार्जिंगला लावून आले. काळजी करू नका, तुम्ही सांगितलं तसं कपाटात कुलूपबंद ठेवलाय, पोरांचा हात नाही लागणार. वायर फटीतून आत घेतलीय."

त्यांना माझं ऐकल्याबद्दलची शाबासकी हवी होती. मी त्यांना सांगितलं, की तो डबा पेटू शकतो.

मग त्या म्हणाल्या, "शाळेत पोरं आहेत हो." आणि फोन ठेवला.

मोईनभाईंचा छोटा टेम्पो बाहेर उभा होता. आम्ही निघालो. ते एका हातानं चालवत होते, पट्टीचा हात नुसता स्टीअरिंगला टेकवून. मी मध्ये, दादा खिडकीशी. तू येऊ नको म्हटलं तरी तो येऊन बसला. बिडकीनच्या रस्त्याला लागल्यावर मला राहवलं नाही.

"दादा, माझे सेल कुठं गेले?"

त्यानं खिडकीची काच खाली केली.

"मी तपासून दिलेले सेल विकलेस, आणि भंगार भरलंस. किती सुटले मधले?"

"बाजी," मोईनभाई हळूच म्हणाले, "बडे भाई हैं."

"मोठा आहे म्हणूनच विचारतेय. शाळेतल्या पोरांच्या जिवावर किती कमावलंस, ते सांग ना." एका परक्या माणसासमोर, त्यातही आमच्यामुळं भाजलेल्या माणसासमोर, मी माझ्या थोरल्या भावाला चोर म्हणत होते. दादा खिडकीतून बाहेर बघत राहिला. हात त्यानं दोन्ही मांड्यांखाली दाबून धरले होते. मला तेव्हा तो निर्लज्जपणा वाटला.

बाईंनी तोवर आपलं काम केलं होतं. मधल्या सुट्टीची खिचडी शिजवणाऱ्या कौसाबाईंना फोन करून त्यांनी आधी मेन स्विच पाडायला सांगितला, मग कुलूप फोडायला. आम्ही पोचलो तेव्हा सगळी पोरं मैदानाच्या पार पलीकडं कुंपणाशी उभी होती आणि मधोमध उघड्या जमिनीवर आमचा डबा पडला होता. कौसाबाई हातात झाडू घेऊन अशा उभ्या होत्या, जणू तो डबा उठून पळणार आहे.

"वरवंट्यानं फोडलं कुलूप," त्या म्हणाल्या. "लई गरम व्हता हो. गोड गोड वास येत व्हता. फडक्यात धरला अन् पळाले." त्यांच्या दोन बोटांना फोड आले होते. त्यांनी ते पदराला पुसल्यासारखे केले.

गोड वास म्हणजे सेलच्या पोटातलं रसायन बाहेर यायला लागलं होतं. थोडा वेळ गेला असता तर काय, हे मला कंपनीतल्या त्या काचेमागून पाठ होतं. इथं काच नव्हती.

डबा निवेपर्यंत आम्ही लांब थांबलो. मग मी म्हणाले, मी उघडते, पट्ट्या तोडून सेल एकमेकांपासून सुटे करायला हवेत. दादा पुढं झाला. "मी आवळला, मीच उघडतो," म्हणाला. टेम्पोत बसल्यापासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य.

तो उकिडवा बसला. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या खाचेवर नेलं. ते खाचेवरून घसरलं. पुन्हा नेलं, पुन्हा घसरलं. त्याचा उजवा हात मनगटापासून थरथरत होता. डाव्या हातानं त्यानं उजवं मनगट पकडलं, तर तोही हात थरथरायला लागला. स्क्रू-ड्रायव्हर झाकणावर टकटक वाजत राहिला. पलीकडून पोरं बघत होती, कौसाबाई बघत होत्या, मोईनभाईंनी तोंड फिरवलं.

हा कंप मी आधी पाहिला नव्हता असं नाही. चहाची बशी खणखणताना ऐकली होती. वय झालं, असं मनात म्हणून पुढच्या कामाला लागले होते. ज्या टेबलावर मी सेलचा अवरोध दशांशात मोजायची, त्याच्या पलीकडं बसलेला माझा भाऊ मी मोजलाच नव्हता.

मी त्याच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला. त्यानं दिला. "वेल्ड होत नाय गं नंदा," तो एवढंच म्हणाला, आणि तेही इतक्या हळू, की फक्त मलाच ऐकू यावं.

पैठणहून शिंदेबाई आल्या तेव्हा सुटे केलेले सेल वाळूच्या बादलीत होते. त्या आधी पोरांकडं गेल्या, एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवत गेल्या, मग कौसाबाईंची बोटं बघितली, मग आमच्याकडं आल्या. दादा हात जोडून उभा राहिला. जोडलेले हातही थरथरत होते.

"बाई, आमची नंदा मला सांगत होती नीट घाल म्हणून. मला जमेना. मी तयार गठ्ठा बाजारातनं आणून घातला. तिला म्हायती नव्हतं."

"जमत नव्हतं तर सांगायचं," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "मी थांबले असते. आम्ही कितीतरी वर्षं विंचवासंगच राहिलो होतो."

मी म्हणाले, "मी तुम्हाला नवा दिवा करून देते, मी स्वतः."

"नको. तुमचा दिवा आता माझ्या शाळेत नको." त्यांनी पिवळा चष्मा आत जाऊन आणला आणि माझ्या हातावर ठेवला. चष्म्याच्या काड्यांना त्यांनी जपून कापड गुंडाळलं होतं.

दुकानात आल्यावर दादानं त्याच्या टेबलाचा खालचा खण ओढला आणि बाजूला झाला. माझे निळे सेल तिथं होते. मी तपासून दिलेले सगळे. काही जसेच्या तसे, आणि काहींच्या डोक्यावर वेल्डिंगच्या सुईचे डाग. कुठं चुकीच्या जागी, कुठं भोक पडलेलं. प्रत्येक वेळी प्रयत्न करून बघितला होता त्यानं. जमलं नाही, की भंगारवाल्याकडून आधीच जोडलेले गठ्ठे आणायचे, तेही स्वतःच्या खिशातून. सेल विकले असते तर मला राग धरता आला असता. टेम्पोत तो 'सेल खणातच हायेत' एवढं एक वाक्य बोलला असता, तर माझं तोंड बंद झालं असतं. पण त्याला थरथरणारा म्हणवून घेण्यापेक्षा चोर म्हणवून घेणं सोपं वाटलं, आणि मी तो शब्द त्याच्यासाठी तयारच ठेवला होता.

त्यानंतर आम्ही गेलेले सगळे दिवे परत मागवले. फोनवर भागलं नाही, दारोदार जावं लागलं. दादा प्रत्येक दारात स्वतः बोलला. एका एसी मेकॅनिकनं शिव्या घातल्या, त्या आम्ही उभ्यानं ऐकल्या. एक पार्लरवाली म्हणाली, माझा तर मस्त चालतोय, मी नाही देणार. तिच्यापुढं दादानं आपला हात धरला आणि म्हणाला, "या हातानं केलेला हाय तो." तिनं आतून आणून दिला. मोईनभाईंच्या घरी त्यांच्या बायकोनं आम्हाला पाणी दिलं, चहा दिला, आणि दालनातल्या भिंतीवरचा काळा डाग दिसू नये म्हणून आमच्या आणि भिंतीच्या मध्ये उभी राहिली. इतकं अवघडलेलं मला शिव्या खातानाही वाटलं नव्हतं.

दादाला डॉक्टरकडं नेलं. गोळ्या चालू आहेत. कंप कमी होतो, जात नाही. वेल्डिंग आता मी करते, आणि प्रत्येक डबा बंद करायच्या आधी दादा आत डोकावून बघतो. हा नियम त्यानंच घातला. शाळेच्या भिंतीचे सांधे ग्रामपंचायतीनं सिमेंटनं भरून घेतले, असं मोईनभाईंच्या कानावर आलं. बाईंना फोन करायचं मला अजून धाडस झालेलं नाही.

काही दिवे असे होते, ज्यांचे मालक आम्हाला सापडेनात. त्यांच्यासाठी दुकानाबाहेर पाटी लावायची ठरलं. मी पेंटरला सांगणार होते, पण दादानं ब्रश हातात घेतला. सगळी दुपार लागली. अक्षरं लाटेवरून गेल्यासारखी वर-खाली झाली, काना कुठंतरी, मात्रा कुठंतरी. आमच्या दुकानातून नेलेल्या जांभळ्या दिव्यांत चुकीचे सेल घातले गेले आहेत, चार्जिंगला लावू नका, परत आणा, असं त्यात लिहिलंय. खाली त्याचं पूर्ण नाव. मी म्हणाले, नाव कशाला? तो म्हणाला, मग कुणाचं घालू?

रोज एखाददुसरा माणूस पाटीपुढं थांबतो, मान तिरकी करून बघतो आणि आत डोकावून विचारतो, "काय लिव्हलंय हो हे? वाचता येईना."

मी खाली बघून काम करत राहते. दादा खुर्चीवरून उठतो, बाहेर जातो, त्या माणसाच्या शेजारी उभा राहतो आणि पाटी वाचून दाखवतो. शेवटी नाव येतं, तेही वाचतो, आणि म्हणतो, "तो मीच."